शंका घेऊनच चर्चला या

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आपल्याकडे मिशन संडेला हमखास वाचला जातो. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही आज्ञा त्यात आहे आणि उपदेशही बहुधा तिच्यावरच होतो. त्या आज्ञेच्या दोनच वचनं आधी मत्तय आणखी एक गोष्ट सांगून जातो. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर पोचले, मेलेल्यांतून उठलेला प्रभू त्यांच्यासमोर उभा होता, त्यांनी त्याला नमन केलं, आणि तरीही काहींना संशय वाटला. मत्तयाला हे गाळता आलं असतं. त्याने गाळलं नाही. प्रभूनेही संशय घेणाऱ्यांना बाजूला काढलं नाही, आधी खात्री करून घ्या आणि मग या, असं सांगितलं नाही. जी आज्ञा बाकीच्यांना दिली तीच त्यांनाही दिली.

आपल्या मंडळ्यांत मात्र असा माणूस बोलायलाच घाबरतो. उपासना संपते, आशीर्वाद होतो, लोक गाड्या काढायला लागतात, तेव्हा तो कुणाला तरी हळूच विचारतो, "प्रार्थनेला बसतो, पण समोर कुणी आहे असं वाटतच नाही. असं सगळ्यांनाच होतं का?" त्याला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. असं बोलू नये. सैतान तुझी परीक्षा घेतोय. प्रार्थना वाढव, उपास धर. काही जण तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. विचारणारा त्यातून एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे गप्प बसायचं. मग तो मागच्या बाकावर सरकतो आणि काही दिवसांनी फक्त नाताळ-ईस्टरला दिसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्या घरच्यांसाठीही.

आधी शंका पुरती मिटेल आणि मग विश्वास येईल, असा क्रम आपण मनात धरलेला असतो. पवित्र शास्त्रात आणि आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात फार थोड्यांच्या बाबतीत तसं घडलं आहे. बहुतेकांनी शंका बरोबर घेतली, माणसांत राहिले, समोरचं काम करत राहिले, आणि चालता चालता विश्वास आला. कुणाला लवकर आला, कुणाला फार उशिरा. काहींच्या शंका तर शेवटपर्यंत सोबत होत्या.

थोमाचंच घ्या. 'संशयी थोमा' हे नाव त्याला कायमचं चिकटलं, पण योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं तर तो आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा धीट दिसतो. लाजराच्या घरी जायला येशू यहूदीयात परत निघतो, तिथे लोकांनी त्याला दगडमार करायचा प्रयत्न केलेला असतो, शिष्य कचरत असतात, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ असं सोबत्यांना सांगणारा थोमाच. शेवटच्या रात्री येशू काय म्हणतोय ते कळत नाही, हे सरळ बोलून दाखवणाराही तोच. आणि विसाव्या अध्यायात तो मागतो तरी काय? बाकीच्यांना आठवडाभर आधी जे मिळालं तेच. प्रभूने त्यांना आपले हात आणि कूस दाखवली होती. त्या संध्याकाळी थोमा तिथे नव्हता, एवढाच फरक.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचे वाटतात ते मधले आठ दिवस. योहान त्यांच्याविषयी काहीच लिहीत नाही. पण आठ दिवसांनी दारं पुन्हा बंद आहेत आणि या वेळी थोमा आत आहे. बाकीच्यांनी त्याला हाकललेलं नाही, तोही रागावून निघून गेलेला नाही. दहा जण हर्षाने भरलेले, एक जण मानायला तयार नाही, आणि तरी सगळे एका घरात. प्रभू आला तो त्या घरात. त्याने थोमाची अट जवळजवळ थोमाच्याच शब्दांत त्याला ऐकवली, म्हणजे तक्रार त्याच्यापर्यंत पोचली होती. थोमाने खरोखर जखमेत बोट घातलं का, हे योहान सांगतच नाही. काराव्हाज्जोसारख्या चित्रकारांनी ते इतकं ठसठशीत रंगवलं की आपल्याला ते शास्त्रातच असल्यासारखं वाटतं. याच थोमाने पुढे भारतात सुवार्ता आणली अशी केरळच्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. चेन्नईतल्या टेकडीला त्याचं नाव आहे.

तेव्हा पहिला सल्ला असा की शंका आली म्हणून चर्च सोडू नका. शंकेचं उत्तर घरी एकट्याने शोधून मग परत यायचं, हा बेत बहुधा तडीस जात नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर एका बाजूचे आणि मग दुसऱ्या बाजूचे व्हिडिओ पाहून तर अजिबातच नाही. दोन्हीकडची माणसं आपापली बाजू जिंकायला बसलेली असतात, तुमच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. रविवारी जाऊन बसा. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणताना एखादं कलम तोंडातून निघत नसेल तर तेवढ्यापुरतं थांबा आणि शेजारचे म्हणतात ते ऐका. त्यात ढोंग नाही. मंडळीचा विश्वास तुमच्या त्या सकाळच्या मनःस्थितीवर उभा नाही, तो तुमच्याशिवायही म्हटला जातो आणि तुमच्यासाठीही म्हटला जातो.

दुसरं काम कागदावर करायचं आहे. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं तर तो आधी कुठे दुखतं ते विचारतो. 'माझा विश्वास डळमळला आहे' हे वाक्य तसंच आहे, त्यावरून काहीच कळत नाही. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि तो देवासमोर बोलण्यासारखा वाटला नाही तरी लिहा. सगळी मंडळी उपास करून प्रार्थना करत होती, मग आई का गेली? उत्पत्तीतले सहा दिवस आणि कॉलेजात शिकलेलं विज्ञान यांचा मेळ कसा घालू? ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलं त्यांनीच मंडळीचे पैसे खाल्ले, मग त्यांनी शिकवलेलं तरी खरं कशावरून? किंवा नुसतं एवढंच, की मला आता काही वाटत नाही. हे चारही प्रश्न 'शंका' या एकाच नावाने ओळखले जातात, पण चौघांना चार वेगळ्या ठिकाणी घेऊन जावं लागतं. आई गेलेल्या मुलाला पुनरुत्थानाचे पुरावे देणं आणि विज्ञानाचा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं, या दोन्ही चुका आपल्याकडे रोज होतात.

प्रश्न बुद्धीचा असेल तर त्याला बुद्धीनेच उत्तर शोधा. त्यासाठी लाजायचं कारण नाही, कारण आपली परंपरा त्याच वाटेने आली आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५चा, घराणं चित्पावन, वास्तव्य बनारसमध्ये. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून हा पंडित पुढे आला, ख्रिस्ती मताविरुद्ध त्याने संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि १८४८मध्ये त्यानेच बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहेम्या गोरे या नावाने ते धर्मगुरू झाले, 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं, पुण्यात राहून काम केलं. पण बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा उठत आणि त्यांना छळत, असं त्यांच्या चरित्रावरून दिसतं. १८९५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं तोवर जवळजवळ अर्धशतक ते शंकेशी झुंजत ख्रिस्ताची सेवा करत होते. अशा माणसाचं लेखन दुसऱ्या एका शंका घेणाऱ्या बुद्धीला उपयोगी पडलं. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं त्यात गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता.

रमाबाईंची गोष्ट तर प्रत्येक मराठी चर्चमधल्या तरुणांना सविस्तर सांगायला हवी. आपण सांगतो ती केडगावची, दुष्काळातून आणलेल्या मुलींची, मुक्ती मिशनची. ती मोठीच आहे. पण तिच्या आधीची काही वर्षं आपण गुंडाळून ठेवतो. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी आपल्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला तो वाचून आजही एखाद्या पाळकाला घाम फुटेल. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी न तपासता घेतलं नाही. आपल्या सदसद्विवेकाला जे पटत नाही ते केवळ सिस्टरांनी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही पत्रं १९७७मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

आणि या काळात त्या थांबून राहिल्या नव्हत्या. त्या अमेरिकेला गेल्या, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण ख्रिस्ताची ओळख राहूनच गेली होती, असं त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत लिहिलं आहे. ती ओळख त्यांना कुठला वाद जिंकल्याने झाली नाही. पण म्हणून त्यांनी बुद्धी गुंडाळूनही ठेवली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं आणि ५ एप्रिल १९२२ला देवाघरी जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. रमाबाईंच्या मंडळीतले आपण, आणि आपण एखाद्या मुलीला प्रश्न विचारू नको म्हणतो, हे मला समजत नाही.

बुद्धीच्या शंकेत एक सावधगिरी मात्र बाळगा. आपण नेमकी कशावर शंका घेतोय ते तपासा. पुष्कळ लोक ज्या गोष्टीवरचा विश्वास उडाला म्हणून अस्वस्थ असतात ती गोष्ट ख्रिस्ती विश्वासाने कधी शिकवलेलीच नसते. विश्वास असेल तर आजार होणार नाही, दशांश दिला की धंदा वाढेल, खऱ्या विश्वासणाऱ्याला निराशा येत नाही, हे कुठल्याही विश्वासांगीकारात नाही. ते आपण मोठ्या सभांमधून आणि टीव्हीवरून उचललं आहे. त्यावरचा विश्वास उडाला असेल तर उडू द्या. जगाच्या उत्पत्तीबद्दलही तसंच. उत्पत्तीच्या पुस्तकाचा असा अर्थ लावू नका की ज्याला सृष्टीची माहिती आहे तो तुम्हाला हसेल, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच दिला होता. विश्व एका आदिम अणूतून प्रसरण पावत आलं असावं ही कल्पना १९३१मध्ये मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे शास्त्रज्ञ कॅथोलिक धर्मगुरू होते. त्यांना मिस्सा अर्पण करताना कसली अडचण आल्याचं ऐकिवात नाही.

मग सुरुवात कुठून करायची? योनाच्या माशापासून करू नका. पौलाने सगळा भार एकाच ठिकाणी ठेवला आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फुकट. वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेलं हे पत्र. ज्यांना उठलेला प्रभू दिसला त्यांची यादी त्यात आहे आणि त्यांतले बरेच जण अजून हयात आहेत असंही पौल नमूद करतो. हा मधला प्रश्न आधी सोडवायला घ्या, बाकीचे कडेचे प्रश्न त्यानंतर आपापल्या मापाचे दिसायला लागतात. आणि मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. सोळाच अध्याय आहेत, दोन तासांच्या आत होतं. रोजच्या शास्त्रपाठात आपण इतके तुकडे वाचतो की येशू हा माणूस सलग कसा बोलतो, कसा चिडतो, कुणापाशी थांबतो, हे पाहायचंच राहून जातं. नारायण वामन टिळकांना १८९३मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्ये दोन वर्षं होती, हेही लक्षात ठेवा.

आता दुखावलेल्या मनाची शंका. तिच्यासमोर वर लिहिलेलं काहीच कामाचं नाही. जिचं मूल गेलं तिला लमेत्र काय सांगणार? अशा घरात जाऊन लोक जे बोलतात ते ऐकवत नाही. देवाची इच्छा होती. देवाला चांगली माणसं लागतात. तुमचा विश्वास कमी पडला असेल, हे तर सगळ्यांत निर्दय. ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली, ती म्हणजे पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोंड उघडलं आणि बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांना फटकारतो, आणि जो माणूस पानंच्या पानं देवाशी भांडला त्याचं बोलणं योग्य होतं असं सांगतो.

तुम्ही त्या दुःखात असाल तर स्तोत्रसंहिता काढा आणि विलापाची स्तोत्रं शोधा. ती शोधायला फार फिरावं लागत नाही, पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तीच आहेत. आपल्या उपासनेत तेविसावं, शंभरावं आणि एकशे एकविसावं इतक्यांदा येतं की बाकीची आहेत हे आपण विसरतो. तेरावं वाचा. अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासा देणारं एकही वाक्य नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूने स्वतः बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचे शब्द घेऊन देवाला जाब विचारला. तुम्ही देवावर चिडला असाल तर ते त्यालाच सांगा. त्याच्याविषयी गावभर बोलण्यापेक्षा ते शंभरपटीने बरं, आणि त्यालाही प्रार्थनाच म्हणतात.

आणि तेवढंही होत नसेल तर इतरांना प्रार्थना करू द्या. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून येशूसमोर सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तो वेगळं काहीच सांगत नाही. काही महिने, कधी काही वर्षं, आपण त्या खाटेवर असतो. एखाद्या मैत्रिणीला, मावशीला, पाळकांच्या पत्नीला सांगा की मला आता जमत नाही, माझ्या वाटची प्रार्थना तू कर.

तुरुंगातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचीही आठवण ठेवा. ज्याने यार्देनेच्या काठी येशूला सगळ्यांआधी ओळखलं, त्यानेच हेरोदाच्या कोठडीतून निरोप पाठवून विचारलं की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? येशू त्याच्यावर रागावला नाही. आंधळे पाहत आहेत, पांगळे चालत आहेत, गरिबांना सुवार्ता सांगितली जात आहे, हे तुम्ही पाहता आणि ऐकता ते जाऊन सांगा, असं उत्तर त्याने दिलं, आणि निरोपे गेल्यावर लोकांसमोर योहानाचं कौतुक केलं. पण योहान सुटला नाही. त्याचा शिरच्छेद झाला. ज्यांना मनासारखं उत्तर मिळत नाही त्यांच्यासाठी हा उतारा आहे, आणि तो अर्धवट सांगू नये.

चौथा प्रश्न, काहीच वाटत नाही हा, सगळ्यांत जास्त लोकांना असतो आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. हल्ली उपासनेत वाद्यवृंद मोठा झाला, हात वर करून डोळे भरून येणं हीच श्रद्धेची खूण झाली आणि ज्याचे डोळे भरत नाहीत तो स्वतःला अपराधी समजू लागला. त्याने कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रं वाचावीत. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७मध्ये, ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला, कारण गरिबांतलं काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं असं त्यांतून समोर आलं. त्याच पत्रांचं संपादन त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेचं काम पाहणाऱ्या धर्मगुरूंनी केलं होतं, आणि २०१६मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. लिझ्यूच्या संत तेरेजा यांनीही आयुष्याचं शेवटचं दीड वर्ष अशाच काळोखात काढलं. भावना येते-जाते. तुम्ही वेळ ठरवा, दहा मिनिटं पुरेत, आणि काही वाटो न वाटो तेवढा वेळ बसा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. कॅथोलिक असाल तर माळ हातात घ्या.

इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस राहिलेला नाही आणि हे दोन-तीन आठवडे चाललं आहे, तर तो विश्वासाचा प्रश्न असेलच असं नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर आहेत. एलीया झाडाखाली पडून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर झालं. जीव नकोसा झाला असेल तर आजच घरच्यांना सांगा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. गोळी घेतल्याने कुणाचा विश्वास कमी होत नाही.

मंडळीतल्या माणसांमुळे आलेली शंका मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचे तपशील तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. निवडणुकीतली भांडणं, जमिनींचे खटले, सोयरीक जुळवताना हळूच विचारली जाणारी जुनी जात. याने मन विटतं आणि विटायलाच हवं. प्रभूने स्वतः मंदिरातले चौरंग उलथले होते. गैरव्यवहार दिसला तर बोला, कुणी अंगाला हात लावला असेल तर पोलिसांत जा, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला क्षमेची वचनं ऐकवली तर ऐकू नका. गरज पडली तर मंडळी बदला. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनशी त्यांचं पटलं नाही, ख्रिस्ताशी पटलं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात हे त्यांच्याकडून शिकावं.

प्रश्न कुठलाही असो, तुम्हाला जेवढं पटलं आहे तेवढं आचरणात आणायला लागा. देवाची इच्छा पाळायची ज्याची तयारी आहे त्याला ही शिकवण देवाकडून आहे की नाही ते कळेल, असं येशू योहानाच्या सातव्या अध्यायात म्हणतो. म्हणजे पाळणं आधी, कळणं नंतर. लक्ष्मीबाई टिळकांचं तसंच झालं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं दूर राहिल्या, परत आल्यावरही सोवळं आणि वेगळी चूल सुटली नव्हती. त्यांच्या बाबतीत आधी सुटला तो विटाळ, माणसामाणसांतला भेद, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते आठवत असेल. तुम्हाला त्रैक्य कळत नसेल, पण शत्रूवर प्रीती करा हे कळतं ना? मग ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला फोन करा. सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या एकट्या रुग्णाला आठवड्यातून एकदा भेटा. शंका त्याने लगेच जात नाही. पण पाळलेल्या आज्ञेबद्दल शंका घेणं आणि न पाळलेल्या आज्ञेबद्दल शंका घेणं यांत पुष्कळ फरक पडतो.

विश्वास एकदा आला की पुन्हा शंका येणार नाही, असंही समजू नका. आपल्या साक्षी ऐकल्या की तसं वाटतं, कारण त्या सगळ्या 'आणि त्या दिवसापासून' वर संपतात. जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनमध्ये अंतःकरण उबदार झाल्याचा तो प्रसिद्ध अनुभव आला. पुढच्या जानेवारीत त्यांच्याच रोजनिशीत आपण ख्रिस्ती नाही अशी नोंद आहे. त्यानंतर त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं गावोगाव फिरून सुवार्ता सांगितली.

आईवडिलांनो आणि पाळकसाहेब, फादर, तुमच्यासाठीही दोन शब्द. बारावीनंतर पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येऊन म्हणाला की मला हे पटत नाही, तर घाबरून जाऊ नका आणि जेवणाच्या ताटावर वाद घालू नका. त्याला विचारा की नेमकं काय पटत नाही, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, असं यहूदाच्या छोट्याशा पत्रात सांगितलं आहे. दृढीकरणाच्या वर्गात पाठांतर घेता तसा एक तास फक्त प्रश्नांचाही ठेवा, आणि प्रश्न चिठ्ठीवर बिननावाने घ्या. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या कोऱ्या येतील. दुसऱ्या दिवशीही चिठ्ठ्या वाटा.

आणि तुम्ही, जे मागच्या बाकावर आहात. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप तुमचाच आहे. मुलगा फेपरं येऊन जमिनीवर पडलेला, शिष्यांकडून काही झालेलं नाही, आणि येशू विश्वासाविषयी बोलल्यावर तो ओरडून सांगतो की विश्वास आहे, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. येशूने अविश्वास जायची वाट पाहिली नाही, मुलगा तिथल्या तिथे बरा केला. तुम्हालाही हीच प्रार्थना आज करता येईल, ती खोटी ठरणार नाही. येत्या रविवारी प्रश्नाचा कागद खिशात घालून उपासनेला जा आणि नंतर तो तुमच्या पाळकांच्या हातात द्या. त्यांनी झटकून टाकलं तर दुसऱ्या कुणाकडे जा, एखाद्या वयस्क बाईकडे, सेमिनरीत शिकवणाऱ्या कुणाकडे, शेजारच्या चर्चमधल्या फादरांकडे. ऐकून घेणारं माणूस मिळेपर्यंत विचारत राहा.